शुक्रवारचा हंडा

(तळा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या सचिवांनी रेडिओवर केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

ही वेळ भाकऱ्यांची आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. आज मी एका वहीबद्दल बोलणार आहे. बचतीची वही नाही, झऱ्याची वही.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, देवराईच्या कडेला एक झरा आहे. नळ आले तरी एप्रिलमध्ये नळाला दिवसाआड पाणी, मे उजाडला की तेही नाही. मग सगळी वाडी त्या झऱ्यावर. माझ्या सासूबाई सांगायच्या, हा झरा कधी म्हणजे कधीच आटला नाही. शेजारच्या आजी म्हणायच्या, आटला होता, मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, डोळ्यांनी पाहिलंय. दोघी एकाच वयाच्या, दोघींनी जन्मभर तिथलंच पाणी वाहिलं. यातलं खरं कोणाचं? दोघी गेल्या आणि ते तसंच राहिलं. कुणी लिहून ठेवलंच नव्हतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गटाने ठरवलं की आता आपण लिहायचं. मोजायचं कसं, तर सोपं. झऱ्याला दगडी पन्हळ आहे. पन्हळीखाली रिकामा हंडा ठेवायचा आणि तो काठोकाठ भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या घड्याळावर बघायचं. दर शुक्रवारी सकाळी, पाणी भरायची झुंबड सुरू व्हायच्या आधी. वहीत तारीख, वेळ आणि मोजणारीचं नाव. डिसेंबरात हंडा दीड-दोन मिनिटांत भरायचा, मेच्या शेवटी सात मिनिटांवर जायचा. बायका हसायच्या. पुरुष तर जास्तच हसायचे. म्हणायचे, पाणी भरायचं सोडून पाण्याचा हिशोब मांडताय होय!

पहिली चूक आमची आम्हीच केली. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीचं बाळंतपण आलं, मी दोन महिने तिच्याकडे गेले. परत येऊन वही बघते तर झरा एकदम खाली गेलेला. चार मिनिटांचे साडेपाच झालेले. मी घाबरलेच. चौकशी केली तेव्हा कळलं, जुना स्टीलचा हंडा गळायला लागला म्हणून पोरींनी प्लास्टिकचा नवा हंडा घेतला होता. तो मोठा होता. झरा होता तेवढाच होता, हंडा वाढला होता! आणि जुना हंडा तोवर भंगारवाल्याला देऊन त्याचे लसूण-कांदेही घेऊन झाले होते. म्हणजे आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे जोडायचे कसे, हे कुणालाच सांगता येईना.

हे मी माझ्या भाचीला सांगितलं. ती कॉलेजात शास्त्र शिकते. ती म्हणाली, मावशी, हीच अडचण आपल्या अलिबागच्या वेधशाळेला शंभर वर्षांपूर्वी आली होती. त्यांनी कशी सोडवली ऐक.

तुमच्यातल्या पुष्कळजणी जिल्ह्याच्या कामासाठी अलिबागला जातात. तिथे समुद्राजवळ जी वेधशाळा आहे ती पृथ्वीचं चुंबकत्व मोजते. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते ती ज्या जोरामुळे, तो जोर रोज थोडा थोडा बदलतो, तो बदल तिथे टिपतात. हे काम आधी मुंबईत कुलाब्याला चालायचं, १८४१ पासून. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ताराजवळ ती नाजूक यंत्रं खरं सांगेनाशी होतात. म्हणून तेव्हाचे प्रमुख मूस साहेबांनी अलिबागला नवी जागा बघितली. इमारत बांधताना लोखंड वापरायचं नाही, दगडसुद्धा चुंबकाला न ओढणारा, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. १९०४ साली अलिबागला मोजणी सुरू झाली. पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्ही ठिकाणी बरोबरीने मोजत राहिले. कुलाब्याला इतकं भरतं तेव्हा अलिबागला किती भरतं, हे कळल्यावरच जुनी जागा सोडली. त्यामुळे १८४१ पासूनची ती माळ तुटली नाही.

मी मनात म्हटलं, एवढंच तर करायचं होतं. नवा हंडा आणल्यावर चार शुक्रवार दोन्ही हंडे लावून बघायचे होते. गळकं भोक मेणाने बुजवूनसुद्धा चाललं असतं.

त्या कुलाब्याच्या वह्यांची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि त्याचं वादळ पृथ्वीच्या चुंबकत्वावर आदळलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याचे लोक तेव्हा आपले नेहमीसारखे आकडे लिहीत बसले होते. ते आकडे कशाला उपयोगी पडणार याची त्यांना कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. आणि २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, आपल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ केवढं मोठं होतं याचा हिशोब काढला. आज तसं वादळ आलं तर वीज, मोबाईल, उपग्रह यांचं काय होईल याचा अंदाज बांधायला जगभरचे लोक ते कुलाब्याचे आकडे घेतात. लिहिणाऱ्याला मरून शंभर वर्षं झाली असतील. पण वह्या जपल्या होत्या आणि मागणाऱ्याला मिळत होत्या.

आता जपण्यावरून आमची दुसरी चूक. ३ जून २०२०. निसर्ग वादळ. तो दिवस आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. माझ्या घरावरचे पत्रे गेले, पेटी भिजली, पेटीतली वही लगदा झाली. चार वर्षांचे शुक्रवार गेले. वाचली ती पहिल्या दीड वर्षाची पानं, कारण शाळेतल्या एका बाईंनी मुलांना दाखवायला त्यांचे फोटो काढले होते आणि ते त्यांच्या मोबाईलमध्ये तसेच पडून होते. मी वही कुणाला देत नसे, हरवेल म्हणून! जेवढं दुसऱ्याकडे गेलं होतं तेवढंच राहिलं.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही नव्याने सुरुवात केली. आता हंडा एकच, त्यावर तेलरंगाने खूण, तो घरी कुणी न्यायचा नाही. वही तीन ठिकाणी. एक माझ्याकडे, एक शाळेत, आणि दर महिन्याला पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर.

भाचीने मला मग जंगलातल्या मोजणीच्या गोष्टी सांगितल्या, कारण आमचा झरा शेवटी देवराईचाच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर म्हणून राज्य आहे, तिथे डोंगरातल्या रानात हबर्ड ब्रूक नावाचं संशोधन केंद्र आहे. ब्रूक म्हणजे आपला ओढा. १९६३ पासून तिथले शास्त्रज्ञ दर आठवड्याला दोन गोष्टी भरून आणतात, पडलेला पाऊस आणि वाहिलेलं ओढ्याचं पाणी. ओढ्यावर छोटा बांध, बांधाला मधोमध टोकदार खाच, खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं त्यावरून किती पाणी गेलं ते कळतं. आपला हंडा आणि त्यांची खाच, काम एकच.

पहिल्याच वर्षी त्यांना दिसलं की पाऊस आंबट आहे. आंबट म्हणजे आम्लाचा. दूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर ढगांत मिसळून रानावर पडत होता. पण तो पाऊस वर्षागणिक कुठल्या बाजूला चाललाय, हे ठामपणे सांगता यायला किती वर्षं लागली असतील? अठरा. एक वर्ष वर, एक वर्ष खाली, असं होत होत अठरा वर्षांनी रेघ कुठे चालली आहे ते दिसलं. कंपन्या म्हणत होत्या, पुरावा काय. पुरावा दर आठवड्याच्या बाटल्यांत होता. १९९० साली तिथे धुरावर कायदा आला आणि पुढे पाऊस हळूहळू कमी आंबट झाला, तोही त्यांच्याच मोजणीत दिसला. जुन्या पाण्याच्या हजारो बाटल्या त्यांनी लेबल लावून ठेवल्यात आणि आकडे कुणालाही बघायला मोकळे आहेत.

त्याच रानातली दुसरी गोष्ट मला खरं सांगते आवडली नाही. १९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडून बघितली आणि तीन वर्षं तिथे काही उगवू दिलं नाही. शेजारच्या ओढ्याचं रान मात्र तसंच ठेवलं, म्हणजे तुलना करता येईल. मला वाटलं, तोडलेल्या रानाचा ओढा आटला असेल. तर नाही! पाणी वाढलं. झाडंही पाणी पितात, ती गेली तर तेवढं पाणी ओढ्याला येतं. पण त्या पाण्याबरोबर मातीतलं नत्र, म्हणजे जमिनीचा कस, भसाभस वाहून गेला.

मी भाचीला म्हटलं, म्हणजे देवराई तोडली तर आपला झरा वाढेल की काय? ती म्हणाली, तसं म्हणता येणार नाही मावशी. तिथे बारा महिने पाऊस-बर्फ, आपल्याकडे चार महिने मुसळधार आणि आठ महिने कोरडे. आपला उतार वेगळा, माती वेगळी. रान गेलं तर पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जाईल आणि मेमध्ये काय राहील, हा आपला प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्याच झऱ्यावर मोजून मिळेल. मला हे पटलं. आपण नेहमी म्हणतो झाडं आहेत म्हणून पाणी आहे. मीही म्हणते. पण किती झाडं, किती पाणी, कुठल्या महिन्यात, असं कुणी विचारलं तर गप्प बसावं लागतं.

आपल्या देशातही असं काम चालतं. तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९८८ पासून पन्नास हेक्टरचा तुकडा ठरवून घेतला आहे. म्हणजे सव्वाशे एकर. त्यातल्या बोटाएवढ्या जाडीपासूनच्या प्रत्येक झाडाला नंबराचा बिल्ला लावला, सुरुवातीला सुमारे पंचवीस हजार झाडं होती. दरवर्षी कोण मेलं, कोण नवं आलं ते नोंदवतात. आग, दुष्काळ आणि हत्ती यांनी रान कसं बदललं ते त्यातून कळतं. तिथे झाड ओळखायला जंगलातलेच आदिवासी लोक बरोबर असतात. हे ऐकून आमच्या गटातली एक कातकरी वहिनी म्हणाली, आम्हाला बिल्ला नाही लागत, आम्हाला झाड तोंडपाठ असतं. तिचं खरं आहे. पण माझ्या सासूबाईंनाही झरा तोंडपाठ होता.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिकडे येते. तीन वर्षांपूर्वी आमच्या झऱ्याच्या वर जमीन विकली गेली, तिथे बंगला झाला आणि बोअर पडली. त्या उन्हाळ्यात हंडा उशिरा भरायला लागला. वाडीत एकच बोलणं, बोअरने पाणी ओढलं. मी वही घेऊन ग्रामसभेत गेले. तिथे एकाने विचारलं, आणि त्या वर्षी पाऊस किती झाला होता? कमी झाला असेल तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही झरा लिहीत होतो, पाऊस लिहीतच नव्हतो! सरकारी यंत्राचा आकडा मिळतो, पण तो सगळ्या महसूल मंडळाचा. आपल्याकडे डोंगराच्या या अंगाला धबाधबा आणि त्या अंगाला ऊन, असं रोजचं आहे. मान खाली घालून घरी आले.

तेव्हापासून शाळेच्या अंगणात पावसाचा डबा आहे. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा. निमुळती बाटली चालत नाही. पागोळ्या आणि झाडापासून लांब, उघड्यावर ठेवलाय. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजायचे आणि ओतून टाकायचं. साडेआठ कशाला, तर हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतं, म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. तरण्या पावसात एका दिवसात डबा दोनदा ओतायची पाळी येते, तेव्हा पोरं रात्री टॉर्च घेऊन जातात. त्यांनाच जास्त हौस.

यंदा मेच्या ग्रामसभेत मी दोन्ही वह्या नेल्या. दोन वर्षं डब्यात पाऊस जवळजवळ सारखा, तरी दुसऱ्या वर्षी मेचा हंडा दीड मिनिट उशिरा. मी स्पष्ट सांगितलं, एवढ्यावरून बोअरनेच झालं असं मी म्हणत नाही, दोन वर्षं फार थोडी आहेत. पण बघायला पाहिजे असं नक्की म्हणते. या वेळी कुणी हसलं नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही तरतूद राज्यात १९९३ च्या भूजल कायद्यात आली, पुढे २००९ चा कायदा झाला. बोअरही त्यात विहिरीतच धरतात. पण आमचा झरा सार्वजनिक स्रोत म्हणून कागदावरच नव्हता. तो कागदावर घ्यावा असा ठराव झालाय. त्याच्यासोबत आमच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या. पुढे काय होतं ते बघू. आणखी दोन जागांची बोलणी चालू आहेत असं ऐकते, तेव्हा वेळ थोडा आहे.

वही कुणाला द्यायची, यावर आमच्या गटात भांडण झालं, तेही सांगते. मागे एकजण आले होते, अभ्यास करतो म्हणाले, झरे, औषधी झाडं, सगळं विचारलं, फोटो घेतले. पुन्हा त्यांचं तोंड दिसलं नाही, काय लिहिलं तेही कळलं नाही. त्यामुळे काहीजणी म्हणत होत्या, आपलं आपल्यापाशी. मी म्हटलं, झऱ्याचा आकडा लपवून आपल्याला काय मिळणार? तो जितक्या जणांकडे जाईल तितका आपला फायदा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यांच्या शेजारी आमचे बावन्न शुक्रवार ठेवले तर त्यांनाही कळेल. पण रानातली अमकी मुळी कुठल्या खोऱ्यात आहे, कुठल्या झाडावर कुठल्या पक्ष्याचं घरटं आहे, हे गावाबाहेर पाठवायचं नाही. मुळी उपटून न्यायला वेळ लागत नाही. ते ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत लिहावं, आणि ती नोंदवही कुणाला दाखवायची ते गावाने ठरवावं. २००२ च्या कायद्याने त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते, आणि २००४ च्या नियमांत तिच्या सहा नेमलेल्या सदस्यांपैकी एक तृतीयांश बाया असाव्यात असं लिहिलं होतं. म्हणजे दोन. तुमच्या गावातल्या समितीत बाया कोण, विचारून बघा. आमच्याकडे विचारलं तेव्हा त्यातल्या एकीलाच ते माहीत नव्हतं!

आता जो कोणी आकडे मागतो त्याला आम्ही एकच अट सांगतो. जे लिहाल ते मराठीत एका पानावर आम्हाला परत पाठवा, आणि कोणाच्या वहीतून घेतलं ते खाली लिहा. दोघांनी मागितलं, एकाने पाठवलं.

ज्यांच्या गावात झरा नाही त्यांनी विहीर घ्या. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारा, काठावर एका दगडाला रंग लावा आणि कायम त्याच दगडावरून दोरी सोडा. विहीरही नको असेल तर एक झाड घ्या. फणस, आंबा, बहावा, कुठलंही, पण रोज जाता-येता दिसणारं. आठवड्यातून एकदा बघायचं, पालवी आली का, फूल किती, फळ किती. सीझनवॉच म्हणून एक उपक्रम आहे, केरळातल्या शाळांतली हजारो मुलं त्यात झाडं बघतात आणि ते आकडे सगळ्यांना खुले असतात. मोबाईलवर आपल्यालाही नाव घालता येतं. आंबा यंदा उशिरा मोहरला, असं आपण दरवर्षीच म्हणतो. दहा वर्षं लिहिलं तर खरंच किती उशिरा ते कळेल.

एखादा शुक्रवार चुकला तर चुकला. त्या जागी अंदाजाने आकडा घालू नका, रिकामी जागा सोडा आणि कारण लिहा. आमच्या वहीत एका शुक्रवारी लिहिलंय, हळदीकुंकू होतं, कोणी गेलं नाही. राहू दे तसंच.

गेल्या शुक्रवारी माझी पाळी नव्हती, आमच्या धाकट्या सुनेची होती. तिने फोटो पाठवला, हंडा सहा मिनिटं दहा सेकंद. गेल्या वर्षी याच आठवड्यात पाच मिनिटं पन्नास होता. उद्या पुन्हा शुक्रवार आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला आमच्या तिन्ही वह्या मी तळ्याला घेऊन येणार आहे. ज्यांना आखणी बघायची असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला यावं, आणि येताना एक कोरी वही आणावी.